ऑफिसचा डिसेंबरचा मेल: 'मेरी ख्रिसमस' की 'हॅपी हॉलिडेज'?

ओहायोकर:
अमेरिकेतली खासगी कंपनी, साधारण ४० जणांची टीम. ख्रिश्चन, ज्यू, मुस्लिम, हिंदू, नास्तिक, शिवाय एक जण जेहोवाज विटनेस (एक वेगळा ख्रिश्चन पंथ). 'हॅपी हॉलिडेज' लिहिलं की काहींना वाटतं ख्रिसमसचं नाव मुद्दाम गाळलं. 'मेरी ख्रिसमस' लिहिलं की उरलेले म्हणतात, आम्ही कुठे? लॉबीतल्या झाडावरही तक्रार आली आहे. कायदा काय सांगतो आणि मेलमध्ये नेमकं काय लिहावं?

काळा_कोट:
आधी एक गल्लत दूर करू. टीव्हीवर जे खटले गाजतात ते बहुतेक सरकारी जागेचे असतात. अमेरिकी राज्यघटनेची धर्मस्वातंत्र्याबद्दलची पहिली घटनादुरुस्ती सरकारला बांधते, तुमच्या कंपनीला नाही. १९८४ साली ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटच्या देखाव्यात येशूजन्माच्या गोठ्यासोबत सांताचं घर, रेनडिअर आणि झाडही होतं. सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो चालू दिला. १९८९ साली पिट्सबर्गच्या कोर्टाच्या मुख्य जिन्यावर गोठा एकटाच मांडला होता, तो नाकारला. पण दुसऱ्या सरकारी इमारतीबाहेरची १८ फुटी मेनोरा (ज्यूंची अनेक फांद्यांची दिवठणी) ४५ फुटी झाडाशेजारी होती, ती चालली. मात्र २०२२च्या केनेडी निकालानंतर (शाळेच्या प्रशिक्षकाच्या प्रार्थनेचा खटला) कोर्ट जुनी 'लेमन' कसोटी, म्हणजे सरकार धर्माला उत्तेजन देतं का हे तपासणारी, सोडून इतिहास आणि परंपरेकडे बघतं. त्यामुळे १९८९चा निकाल आजही तसाच लागेल असं धरून चालू नका.

तुम्हाला लागू होतो तो १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा टायटल सेव्हन. १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांसाठी. लॉबीतलं झाड आणि वेली-पानांची चक्रं काढायची किंवा शेजारी इतर धर्मांची सजावट लावायची सक्ती त्यात नाही. ईईओसीच्या, म्हणजे नोकरीतला भेदभाव बघणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या, मार्गदर्शनात नेमकं हेच उदाहरण दिलेलं आहे. कुणी 'मेरी ख्रिसमस' म्हटलं एवढ्याने छळ होत नाही. एखाद्याने नको म्हटल्यावरही त्याच्या मागे लागणं, साहेबाने प्रार्थनेला बसवणं, पार्टीला न आल्याचा राग मूल्यमापनात काढणं, इथून प्रकरण बिघडतं.

उलट बाजूही बघा. २००१ साली सातव्या सर्किटसमोर (केंद्रीय अपील कोर्ट) एका बाईंचा खटला आला. त्या पत्रव्यवहाराच्या शेवटी 'हॅव अ ब्लेस्ड डे' लिहीत. ग्राहकाने हरकत घेतल्यावर कंपनीने त्याच्याशी बोलताना ते बंद करायला सांगितलं, सहकाऱ्यांशी मात्र चालू ठेवू दिलं. कोर्टाने कंपनीची बाजू उचलून धरली.

पंचांगवाले:
कायद्यापेक्षा तारखाच जास्त घात करतात. हनुक्का हा ज्यूंचा सण हिब्रू पंचांगाने चालतो: २०२४ साली तो २५ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला, २०२५ साली १४ डिसेंबरला, आणि २०२६ साली ४ तारखेला सुरू होऊन १२ला संपतो. म्हणजे २०२६च्या २३ डिसेंबरला 'हॅपी हनुक्का' पाठवलंत तर सण उलटून दीड आठवडा झालेला असेल. क्वान्झा हा आफ्रिकन-अमेरिकन मंडळींचा सण २६ डिसेंबर ते १ जानेवारी. रशियन, सर्बियन, कॉप्टिक ऑर्थोडॉक्स मंडळींचा ख्रिसमस ७ जानेवारीला.

दिवाळी या मेलमध्ये ओढून आणू नका. तिचा मेल तिच्या दिवशी पाठवा. डिसेंबरात 'आणि दिवाळीच्याही' असं शेपूट जोडणं भरपाईसारखं दिसतं.

खमंग_फोडणी:
मेलचा साचा देते. विषयात सणाचं नाव नको: 'वर्षअखेरीचं वेळापत्रक आणि शुभेच्छा'. पहिल्या ओळीत ऑफिस कधी बंद, तातडीच्या कामाला फोन कुणाला. मग वर्षभराच्या कामाबद्दल आभार, तेही एखाद्या खऱ्या कामाचं नाव घेऊन. शेवटी: 'जे ख्रिसमस साजरा करताहेत त्यांना मेरी ख्रिसमस, आणि सगळ्यांना सुट्टी आरामाची जावो.' चार ओळी पुरे. सांता, देवदूत, मेणबत्त्या असलं चित्र टाकू नका. शब्दांनी जे सांभाळलं, ते चित्र घालवतं.

समोरासमोर मात्र गोलमोल बोलू नये. सण माहीत असेल तर त्याचंच नाव घ्यावं. पण आडनावावरून धर्म ताडू नका. वसईचे परेरा आणि डिसोझा लगेच ओळखू येतात, पण नगरकडचे गायकवाड किंवा साळवेही ख्रिश्चन असू शकतात. जेहोवाज विटनेस ख्रिसमस पाळत नाहीत, वाढदिवसही नाही; त्यांना 'हॅपी हॉलिडेज'सुद्धा तितकंसं पोचत नाही. 'सुट्टी छान घालवा' बरं.

तिरकस:
माझा पंचांगवाल्यांना नाही, 'हॅपी हॉलिडेज'वाल्यांना विरोध आहे. लॉबीत झाड, टेबलावर लाल-हिरवा केक, सुट्टी २५ तारखेची, आणि मेलमध्ये म्हणे कुठलाही विशिष्ट सण नाही! 'पूर्वी असं नव्हतं' म्हणणाऱ्यांनाही सांगतो, मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६५९ ते १६८१ ख्रिसमस साजरा केल्यास पाच शिलिंग दंड होता, आणि लावणारे कट्टर ख्रिश्चनच होते. ख्रिसमसची केंद्रीय सुट्टी १८७०ची.

ओहायोकर:
साचा घेतो. सीक्रेट सांता (चिठ्ठी काढून एकमेकांना गुपचूप भेट देणं) ठेवावा का?

खमंग_फोडणी:
ठेवा, पण नावं सगळ्यांची टाकून मग 'नको असेल तर कळवा' म्हणू नका. ज्यांना हवं त्यांनीच नाव द्यावं. रकमेची मर्यादा आधी जाहीर करा. खाण्यावर चिठ्ठ्या लावा: मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते बरेचदा डुकराचं, फ्रूटकेकमध्ये रम किंवा ब्रँडी, एगनॉग या दुधाच्या पेयात अंडं. कोशर (ज्यूंचे खाण्याचे नियम) पाळणाऱ्यांसाठी शिक्का असलेलं सीलबंद जेवण मागवा आणि पाकीट त्यांनाच उघडू द्या. पार्टी शुक्रवारी संध्याकाळी नको, डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि शब्बाथ, ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, सुरू होतो.