जाहिरात आठवते, पण वस्तू विकली जाते का?

गोरेगावकर (धागालेखक)

पायाच्या दुखण्यामुळे आईला महिनाभर घरीच बसावे लागले, तेव्हा संध्याकाळच्या मालिका मीही तिच्याबरोबर पाहिल्या. मालिकांपेक्षा माझे लक्ष जाहिरातींकडेच अधिक होते. वहीत प्रत्येक जाहिरातीपुढे मी दोन खुणा करत गेलो: गोष्ट आठवते का, आणि वस्तूचे नाव आठवते का. गोष्ट आईला बहुधा आठवत असे, नाव मात्र निम्म्या वेळाही सांगता आले नाही. एका जाहिरातीतला सासू-सुनेचा संवाद तिने हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवला आणि तो चहाचा होता की मसाल्याचा, यावर अडली.

जाहिरातीची परीक्षा दुकानाच्या गल्ल्यावर व्हावी, टाळ्यांवर नव्हे, असे माझे मत आहे. लिंटास या जाहिरात कंपनीत ॲलेक पदमसी यांनी घडवलेली आणि कविता चौधरी यांनी रंगवलेली सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी आजही लोकांच्या तोंडी आहे. स्वस्त आणि चांगले यांतला फरक तिने घरोघरी समजावला. तरीही सर्फच्या निम्म्याहून कमी किमतीची निर्मा घराघरांत शिरलीच आणि अखेर सर्फच्याच कंपनीला ‘व्हील’ ही स्वस्त पावडर काढावी लागली. मग ललिताजीने नेमके काय विकले?

माजी जाहिरातलेखक

आपला प्रश्न रास्त आहे, पण मोजपट्टी चुकीची आहे. निर्माकडे वळलेले गिऱ्हाईक परत आणणे हे ललिताजीचे काम नव्हतेच. जे अजून सर्फ घेत होते त्यांना जास्त पैसे मोजण्याचे कारण हाताशी देणे, एवढेच तिला करायचे होते. ‘आपण फसलो नाही, आपण शहाणपणाने खरेदी केली’ ही भावना तिने दिली आणि सर्फ हे नाव महागड्या गटात टिकून राहिले. जी विक्री घटली नाही, ती आपल्या वहीत कोठे नोंदवणार?

फेव्हिकॉलचेही तसेच आहे. २००२ च्या त्या जाहिरातीत वाळवंटातल्या रस्त्यावरून बस हेलकावे खात जाते, आत-बाहेर आणि टपावर माणसे चिकटलेली असतात, पण एकही जण पडत नाही. फेव्हिकॉलचा फलक शेवटी बसच्या पाठीवर दिसतो. गोंद विकत घ्या, असे कोणीही म्हणत नाही. घरात फर्निचर होते तेव्हा सामानाची यादी बहुधा सुतारच देतो. पैसे देणाऱ्या मालकाने त्या यादीतले नाव वाचून ‘दुसरा स्वस्त गोंद नाही का?’ असे विचारू नये, इतके साधले की जाहिरातीचा खर्च वसूल झाला.

लालबागचा दुकानदार

माझे तीस वर्षांचे किराणा दुकान आहे आणि मला दोघांचेही अर्धेच पटते. शांपूच्या पुडीला गिऱ्हाईक नाव घेत नाही, ‘दोन पुड्या द्या’ म्हणते, आणि मी हाताला लागेल ती माळ तोडतो. कोणती माळ पुढे टांगायची हे टीव्हीवर ठरत नाही. कंपनीच्या माणसाने बारावर एक फुकट दिली की ती पुढे येते. टूथपेस्टचे मात्र उलटे आहे. नेहमीची संपली असेल तर माणसे दुसरी घेत नाहीत, शेजारच्या दुकानात जातात. तेव्हा कोणत्या वस्तूबद्दल बोलतो आहोत ते आधी ठरवावे. (सासू-सुनेची ती जाहिरात बहुधा मसाल्याचीच असावी, चहाच्या जाहिरातीत सासू आजकाल फारशी भांडत नाही.)

गोरेगावकर

दुकानदारांचा मुद्दा मला मान्य आहे. माजी लेखकांना मात्र एवढेच विचारतो, की घटली नाही ती विक्री जाहिरातीमुळेच घटली नाही, हे सिद्ध कसे करणार? टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे मीटर टीव्हीच्या आवाजातली खूण ओळखून कोणती वाहिनी चालू आहे ते टिपते आणि घरातली माणसे रिमोटवर आपापले बटण दाबून हजेरी लावतात. म्हणजे कोण समोर बसले होते ते कळते, कोणी काय विकत घेतले ते कळत नाही. पडताळता न येणारे यश मी यश म्हणून धरत नाही.

माजी जाहिरातलेखक

वर्षानुवर्षांचा परिणाम एका संध्याकाळच्या वहीत सापडणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. आपण आईंना जाहिरातीनंतर लगेच विचारलेत. ललिताजीच्या काळी घरात कोणती पावडर येत होती, ते एकदा विचारून पाहा.

गोरेगावकर

काल विचारले. ललिताजीचे वाक्य तिने चालीसकट म्हटले. मोरीतल्या डब्यात मात्र निर्माच असे, चादरी, परकर, आम्हा मुलांचे कपडे सगळे त्यातच बुडत. ‘आणि सर्फ?’ म्हणालो, तर म्हणाली, ‘ते फडताळात वेगळे ठेवायचे मी. यांच्या ऑफिसच्या पांढऱ्या शर्टांपुरते.’