पाण्याचा तंटा वेगळा, सीमेचा वेगळा
राज्याराज्यांतली भांडणं थेट सुप्रीम कोर्टात न्या, मिटतील, असं काही जण म्हणतात. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात तेच केलं ना? महाराष्ट्राने २००४ मध्ये राज्यघटनेच्या कलम १३१ खाली, म्हणजे राज्यांचा वाद थेट सुप्रीम कोर्टात नेणाऱ्या कलमाखाली, दावा लावला. बेळगाव, निपाणी, खानापूरची माणसं अजून तारखा मोजताहेत.

पाण्याचं तसं नाही. घटनेचं कलम २६२ आणि १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्यामुळे तो तंटा कोर्टाऐवजी खास नेमलेल्या लवादाकडे जातो. बच्छावत लवादाने कृष्णेचं पाणी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्रला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) असं वाटून दिलं. कुरबुरी राहिल्या, पण धरणं तरी उभी राहिली.

सीमेला असा आकडा कुठून आणायचा? खानापूरकडच्या माझ्या मावशीच्या घरात सगळं मराठी, जमिनीचा उतारा मात्र कन्नडमध्ये. तो वाचून घ्यायला ती दरवेळी शेजारच्या पोराला हाक मारते.