रेग्युलेशनला नियंत्रण म्हणायचं की नियमन?

काका, बीएस्सीच्या सुट्टीत दोन महिने लॅबमध्ये प्रोजेक्ट केला, पेशीला बाहेरून सिग्नल मिळाला की आतल्या ईआरके नावाच्या प्रोटीनचं रेग्युलेशन कसं होतं हा विषय. आता गावातल्या वाचनालयात ते मराठीत सांगायचंय आणि मी रेग्युलेशनवरच अडकलेय. वर्गातली कन्नड मुलं पण नियंत्रणच म्हणतात. पण नियंत्रण म्हटलं की डास नियंत्रण, पूर नियंत्रण आठवतं, म्हणजे आवर घालणं. इथं तर चालू करणं पण त्यातच येतं. शिवाय प्रयोगातला कंट्रोल वेगळाच, ज्या पेशींना ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचा सिग्नल, दिला नाही त्या. दोन्हीला नियंत्रण लिहिलं तर "नियंत्रण पेशींत नियंत्रण दिसलं नाही" असलं वाक्य होतं, ऐकणाऱ्यानं काय समजायचं?

नियमन म्हण की. पण त्यानं माणसाला वाहतूक पोलीस आठवणार, तेव्हा आत नेमकं काय होतं ते आधी सांग बघू.

सांगते काका. एमईके नावाचं एन्झाइम ईआरकेवर दोन फॉस्फेट बसवतं, की ईआरके चालू. फॉस्फेटेज नावाचं दुसरं एन्झाइम ते काढतं, की बंद. ग्रोथ फॅक्टर देऊन पाच मिनिटं झाल्यावर आमच्या ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीन पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीत, फॉस्फो-ईआरकेची (फॉस्फेट बसलेल्या ईआरकेची) पट्टी काळी कुळकुळीत आली, शेजारी कंट्रोलला जेमतेम सावली, आणि ब्लॉटची तीच मेंब्रेन (पट्ट्या उमटतात तो पडदा) परत एकूण ईआरकेसाठी लावली तर दोन्हीकडे पट्ट्या सारख्या! म्हणजे प्रोटीन वाढलं नव्हतं, होतं तेच कामाला लागलं होतं, म्हणून "प्रमाण वाढलं" पण लिहून चालत नाही. फॉस्फेट घालणं-काढणं फिशर आणि क्रेब्स यांनी १९५० च्या दशकात स्नायूतल्या एन्झाइमवर दाखवलं, १९९२ चं नोबेल त्यालाच.

अगं मग हे दारं धरणंच झालं की! कडोलीकडं शेतात बघ, पाटाला पाणी तेवढंच, खोऱ्यानं माती ओढली की हा वाफा बंद, मोडली की तो चालू. आणि भरला की लगेच बुजवायचं, नाहीतर वाफा फुटून सगळं पीक वाहून जातंय. ह्याला कोण पाणी नियंत्रण म्हणतंय?

भरला की बुजवायचं, हेच माझ्या स्लाइडमधनं सुटलं होतं काका! ईआरकेकडं सिग्नल नेणाऱ्या साखळीतला रास जीन बिघडला की सिग्नल थांबतच नाही, पेशी वाढत सुटते, कॅन्सरमध्ये हे खूपदा सापडतं. शीर्षकात नियमन लिहिते, कंट्रोल तसाच ठेवते, आणि ब्लॉटशेजारी वाफ्याचा फोटो लावते. पण शहरातल्या मुलांना दारं धरणं माहीत असेल का?