जैसलमेर: वाळूच्या टेकड्यांत राहायला सम गाव की खुरी?

डिसेंबरअखेर जातोय, दोन पोरं सोबत. एक रात्र तंबूत आणि दुसऱ्या दिवशी नुसतं वाळूत हुंदडायचंय. सगळे सम सम करतायत, खुरी कोणी केलंय का?

> आम्ही दोन्ही केलंय. सम म्हणजे जत्रा हो, जीपा, उंट, रात्री डीजे, झोप विसरा. खुरी शांत आहे, टेकड्या जरा लहान पण पोरांना काय फरक पडतो. सूर्योदयाआधी निघा, रात्रभराच्या वाऱ्याने वाळू कोरी होते आणि किड्यांच्या, उंदरांच्या पावलांची नक्षी दिसते, आमची पोरं तासभर त्यातच रमली, उंटाकडे बघितलंही नाही.

> चढताना वारा येतो त्या बाजूने चढा, तिथे वाळू घट्ट असते. पलीकडचा उतार साधारण 30 ते 34 अंशांचा, तिथून फक्त घसरायचं 😄 आणि कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलू नका, माझी गेली.

> स्वेटर, कानटोपी न्याच, रात्री जाम गारठतं. सकाळी जमलं तर डेझर्ट नॅशनल पार्कात माळढोक पक्षी बघा, आपल्या सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात आता दिसणं मुश्किलच.

खुरी फायनल! कानटोप्या आईकडून मागवतो.