जुनो यान गुरूच्या एवढ्या जवळून का जातं?

स्वाती_निरभ्र:
मंडळी, एक शंका. नासाचं जुनो गुरूच्या ढगांना जवळजवळ चाटून जातं. २७ ऑगस्ट २०१६ ला तर अंतर फक्त ४,२०० किमी होतं. मग पुन्हा लाखो किमी लांब. चांगल्या फोटोंसाठी एवढा धोका कशाला? लांबच्या गोल कक्षेत ठेवलं असतं तर?

ध्रुवमत्स्य:
स्वातीताई, फोटोंसाठी नाहीच. जुनोकॅम हा कॅमेरा मुख्यतः तुमच्याआमच्यासाठी बसवलाय. जवळ जायचं ते गुरूच्या पोटात काय आहे ते कळायला. आतलं वस्तुमान जिथे कमीजास्त, तिथे यानावरची ओढ किंचित बदलते, वेग बदलतो आणि पृथ्वीवर येणाऱ्या रेडिओ लहरींच्या कंप्रतेत तो फरक दिसतो. लांबून हे बारकावे पुसले जातात. गुरूवरचे वाऱ्यांचे पट्टे सुमारे ३,००० किमी खोल जातात, हे २०१८ मध्ये यातूनच कळलं. माझ्या मते या मोहिमेची सर्वांत मोठी कमाई हीच.

धोक्याचं म्हणाल तर किरणोत्साराचे पट्टे गुरूच्या विषुववृत्ताभोवती आहेत. जुनो उत्तर ध्रुवावरून उतरतं, पट्टे आणि ढग यांच्यामधल्या फटीतून ताशी दोन लाख किमीच्या वेगाने निसटतं आणि दक्षिणेकडून बाहेर पडतं. ध्रुव ते ध्रुव साधारण दोन तास. बाकीचा सगळा काळ ते पट्ट्यांच्या बाहेर असतं. शिवाय नाजूक इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या पेटीत आहेत, तिच्या भिंती साधारण १ सेमी जाड.

कोकणकडा:
पण गुरूभोवतीची फेरी १४ दिवसांची होणार होती ना? ५३ ची कशी राहिली?

ध्रुवमत्स्य:
इंजिनाच्या हेलियमच्या झडपा नीट उघडत नव्हत्या, म्हणून कक्षा लहान करणारं प्रज्वलन रद्द केलं. जवळून जाणं तसंच राहिलं, फक्त दोन भेटींमधलं अंतर वाढलं. पुढे गॅनिमीड, युरोपा आणि आयो या गुरूच्या चंद्रांजवळून जाताना त्यांच्या ओढीने फेरी ३३ दिवसांवर आली.

एक मात्र आहे. दर फेरीला जवळचा बिंदू उत्तरेकडे सरकतो, त्यामुळे पट्ट्यांचा मारा वाढत गेला. ५६ व्या फेरीत जुनोकॅमचे जवळपास सगळे फोटो बिघडले. डिसेंबर २०२३ मध्ये आयोची भेट काही दिवसांवर आली असताना मोहिमेच्या गटाने, तापवल्याने बिघाड भरून निघेल या आशेने, कॅमेऱ्याचा हीटर पूर्ण चालू केला. कॅमेरा सावरला आणि ३० डिसेंबरला १,५०० किमीवरून आयोचे डोंगर टिपले! ते फोटो आले त्या रात्री मी झोपलोच नाही.

स्वाती_निरभ्र:
कच्चे फोटो आपल्याला मिळतात?

ध्रुवमत्स्य:
मिशन जुनोच्या संकेतस्थळावर, फुकट. यान स्वतःभोवती मिनिटाला दोनदा फिरतं, म्हणून फोटो लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्यांच्या तुकड्यांत येतो. ते जुळवताना यानाचं फिरणं आणि पुढे सरकणं दोन्ही हिशेबात धरा, नाहीतर ग्रहाच्या कडेला लाल-निळी किनार उरते. मी त्या किनारीशी अजून झगडतो. जुलै २०१७ चे तांबड्या डागाचे, म्हणजे गुरूवरच्या प्रचंड वादळाचे, फोटो आधी घ्या. यान तेव्हा त्याच्यावर सुमारे ९,००० किमीवर होतं, आणि डागाच्या आतल्या भोवऱ्यांमुळे तुकडे नीट बसले की नाही ते लगेच कळतं. अडलात तर इथेच विचारा.