विषय: पुणे की हैदराबाद? आईबाबा सोलापुरात

प्रेषक: वैशाली

नमस्कार मंडळी,

एवढी वर्षं नुसतं वाचत आलेय, आज लिहितेय. आमचं इंग्लंडवरनं परत यायचं पक्कं झालंय. माझी कंपनी दोन्हीकडं बदली द्यायला तयार आहे, पुण्यात हिंजवडी नाहीतर हैदराबादला फायनान्शियल डिस्ट्रिक्ट, पगार तोच, महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणालेत. मुलं एक सहावीत जाईल, एक दुसरीत. आईबाबा जुळे सोलापूरला, बाबांची मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झालीय आणि ते सोलापूर सोडायला ठाम नकार देतात, त्यामुळं महिन्यातून एकदोनदा तरी मला जावं लागणारच. नेटवर ते शहरांची तुलना करणारे कॅल्क्युलेटर असतात ना, त्यात सगळं टाकून बघितलं, दर वेळी हैदराबाद थोडं स्वस्त येतंय. नवऱ्याचं म्हणणं मराठी माणसानं हा प्रश्न विचारायचाच कशाला, पुणंच. कुणी दोन्ही बघितलंय का? खर्च आणि राहणीमान दोन्हीचं सांगा प्लीज.

वैशाली

---

प्रेषक: मंदार (वाकड)

वैशालीताई, तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे 🙂

हवा घ्या, भाषा घ्या, मुलांची नाटकं-शिबिरं घ्या, शिवाय निम्मं सोलापूर पुण्यातच राहतं, रस्त्यावर दर दहावी गाडी एमएच तेरा दिसते. पण खर्चाचं खरं सांगतो, वाकडला टू बीएचकेला चांगल्या सोसायटीत तीस हजाराच्या खाली आता हातात काही लागत नाही, वर मेंटेनन्स, आणि उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे. चार धरणांचं शहर म्हणून मिरवतो आपण पण बाणेर-वाकड-वाघोलीच्या सोसायट्यांना मार्चपासून टँकरवाल्याच्या हातापाया पडावं लागतं. ट्रॅफिकबद्दल काही बोलत नाही, हिंजवडीत काम करणाऱ्या माणसाला विचारू नये असं म्हणतात. विद्यापीठ चौकातला पूल 2020 ला पाडला, तेव्हापासून गणेशखिंड रस्त्याचा जो खेळखंडोबा झाला तो सगळ्यांनी भोगला. तरीपण पुणंच.

मंदार

---

प्रेषक: प्रकाशकाका (सोलापूर)

वैशाली,

मी तीन वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या आपल्या मंडळाचं खजिनदारपद सोडून सोलापुरात येऊन बसलोय पण लिस्टवरून नाव काढलेलं नाही, असल्या प्रश्नांसाठीच. माझी मुलगी पुण्यात मगरपट्ट्याला, मुलगा हैदराबादला नल्लागंडलाला, आणि आम्ही दोघं मधोमध, त्यामुळं दोन्हीकडचं पाणी प्यालोय.

पहिलं ते कॅल्क्युलेटर बंद कर. त्यात दूध, भाडं, सिनेमाचं तिकीट सगळं असतं, सोलापूर नसतं. तुला महिन्यातनं दोनदा यायचंय आणि रात्री अपरात्री फोन आला तर निघायचंय, तेव्हा तू हिशोब गावापासनं कर, आणि गाव म्हणजे तुझ्या घराच्या दारापासनं जुळे सोलापूरच्या दारापर्यंत.

नकाशात बघितलं तर पुणे अडीचशे किलोमीटर आणि हैदराबाद तीनशेच्या थोडं वर. म्हणजे पुणं जवळ. पण हे शहराच्या मध्यापासनं झालं, तू काय शनिवारवाड्यात राहणार नाहीस. सोलापूरचा रस्ता पुण्यात शिरतो हडपसरला आणि तुझं ऑफिस आहे बरोबर उलट्या टोकाला. सोलापुरातनं निघालं की मोहोळ, टेंभुर्णी, भिगवण करत हडपसरला चार तासात माणूस आरामात पोचतो, आणि तिथनं पुढं हिंजवडीला जायला शुक्रवार-रविवारच्या संध्याकाळी दीड-दोन तास धर, शेवाळवाडीपासनंच गाडी रांगायला लागते. जावई एकदा भिगवणला फोन करून म्हणाला पोचलोच आता, भाजी गरम करायला ठेवा, ती भाजी आम्ही मुलीच्या घरी तीनदा गरम केली.

आता हैदराबादचं बघ. तोच रस्ता, एनएच 65, नळदुर्ग, उमरगा, मग कर्नाटकातलं हुमनाबाद, मग झहीराबाद, संगारेड्डी आणि पटनचेरू. पटनचेरूला आलं की आऊटर रिंग रोड लागतो, एकशे अठ्ठावन्न किलोमीटरचा आहे पूर्ण, त्यातला छोटासा तुकडा पकडला की तू अर्ध्या तासात फायनान्शियल डिस्ट्रिक्टला उतरतेस. जुनं हैदराबाद, चारमिनार, सिकंदराबाद काही आडवं येत नाही. सोलापूरचा रस्ता तिथं नेमका आयटीच्या बाजूनंच शिरतो, ही गोष्ट कुठल्याच कॅल्क्युलेटरला माहीत नाही. मुलाच्या घरी जायला मला सव्वापाच साडेपाच तास लागतात, हिंजवडीला मुलीच्या नणंदेकडं गेलो तरी तेवढेच लागले. नळदुर्ग-उमरग्याकडं रस्त्याचं काम रखडून लोकांनी फार सोसलं हे खरं, त्यामुळं रात्री गाडी चालवायची असेल तर जरा जपून.

रेल्वेचंही तसंच. पुण्याला सकाळची हुतात्मा आहे, इंद्रायणी आहे, 2023 पासनं मुंबईची वंदे भारत पुण्यावरनं येते, गाड्यांना तोटा नाही, यात पुणं उजवं. हैदराबादला कमी गाड्या पण हुसेनसागर लिंगमपल्लीला थांबते आणि तिथनं मुलाचं घर रिक्षात पंधरा मिनिटं. (सोलापुरातनं विमानाचं काय असं कुणीतरी विचारणारच. विमानाला आडवी येणारी साखर कारखान्याची चिमणी 2023 ला पाडली, 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं. आईला भेटायला तुला गोव्यावरनं यायचं असेल तर चांगली सोय आहे.)

आता पैशाचं. भाड्यात म्हणशील तर फार फरक नाही ग, उगाच लोक हैदराबाद स्वस्त स्वस्त करतात, ते जुनं झालं. फरक असा की त्याच भाड्यात तिथं घर मोठं मिळतं, तिथं एफएसआयची, म्हणजे जागेवर किती बांधायचं याची, मर्यादाच नाही, कोकापेट नानकरामगुड्याकडं चाळीस-चाळीस मजले उभे राहिलेत, मला मान वर करून चक्कर येते. पण मेंटेनन्स तिथं स्क्वेअर फुटावर असतो, मोठं घर म्हणजे मोठं बिल, मुलगा घरभाड्याएवढीच त्याची कुरकुर करतो. वीज हैदराबादला नक्की स्वस्त, आपल्या महावितरणचं बिल बघून तिथले लोक तोंडात बोटं घालतात. पेट्रोल मात्र तिथं महाग आणि नवीन गाडी घेशील तर रोड टॅक्सही, पंधरा लाखाच्या पेट्रोल गाडीला आपल्याकडं 12 टक्के, तिथं त्याहून बरंच जास्त.

घर विकत घ्यायचं असेल तर नीट ऐक. पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के पडते, पण घर एकट्या तुझ्या नावावर घेतलं तर बाईला 1 टक्का सूट आहे, म्हणजे 6, आणि रजिस्ट्रेशन जास्तीत जास्त तीस हजार. हैदराबादला सगळं मिळून साडेसात टक्के आणि वरची मर्यादा नाही. एक कोटीच्या घराला पुण्यात तुला सहा लाख तीस हजार लागतील, तिथं साडेसात लाख. नवऱ्याला सांग घर तुझ्या नावावर, कारण विचारलं तर काकांनी टॅक्ससाठी सांगितलंय म्हण.

पाण्याचं दोन्हीकडं रडगाणं. पण आपण सोलापूरचे, उजनी काठोकाठ भरली तरी वर्षानुवर्षं नळाला चार-पाच दिवसाआड पाणी आलं आणि आपण हौद भरून गप्प बसलो, आपल्याला टँकरची काय भीती. 2024 च्या उन्हाळ्यात कोंडापूर-माधापूरकडं बोअर आटले तेव्हा सूनबाई घाबरली, तिची सासू म्हणाली अगं बादल्या आहेत ना.

मुलांच्या शाळेचं शिल्पा सांगेल, तिला जास्त माहीत.

काका

---

प्रेषक: शिल्पा (कोंडापूर, हैदराबाद)

काका तुम्ही पण ना 😄

वैशालीताई, मी सोलापूरच्या पूर्वभागातली, अशोक चौकाजवळची, घरी तेलुगू आणि बाहेर मराठी अशी वाढलेली, तरी इथं आल्यावर माझं सोलापुरी तेलुगू ऐकून वॉचमनसुद्धा हसायचा, त्यामुळं भाषेचं टेन्शन घेऊ नका, सगळ्यांचंच होतं. पण शाळेचं सिरियसली घ्या. तेलंगणात 2018 चा कायदा आहे, पहिली ते दहावी सगळ्या बोर्डांच्या शाळांना तेलुगू शिकवावंच लागतं, सीबीएसई असो आयसीएसई असो. धाकट्याला काही नाही वाटणार, दोन वर्षात फाडफाड बोलेल. सहावीतल्याला अवघड, त्याचे वर्गमित्र पाच वर्षं शिकून आलेले असणार. नववी-दहावीच्या सीबीएसईवाल्यांना आता सोपं पुस्तक दिलंय पण सहावीला ट्यूशन लागेलच, आमच्या बिल्डिंगमधे गुजरातीपासनं बंगाल्यापर्यंत सगळ्यांची पोरं तेलुगूच्या ट्यूशनला एकाच मॅडमकडं जातात. तशी मराठी पण महाराष्ट्रात 2020 पासनं सगळ्या शाळांना कंपल्सरी आहे, म्हणजे पुण्यात गेलात तरी इंग्लंडवरनं आलेल्या पोरांना काना-मात्रा घोटायचाच आहे, पण ती आजी व्हिडिओ कॉलवर घोटून घेईल की.

राहणीमान म्हणाल तर मला इथं रस्ते आवडतात आणि लोक उद्धट वाटत नाहीत (मंदारदादा सॉरी). मेट्रोचा तुम्हाला उपयोग नाही, ती रायदुर्गला संपते, पुढं कॅबच. एअरपोर्ट मात्र झक्कास, लंडन डायरेक्ट आहे, तुमच्याकडचं कुणी येणार असेल तर मुंबईची खेप वाचते. ज्वारीची भाकरी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, जोन्न रोट्टे म्हणतात, बायका गरम करून देतात, पण आपली कडक भाकरी नाही आणि शेंगाचटणी तर विसराच, ती मी सोलापुरातनं किलोकिलोनं आणते. गणपतीला काचीगुडा-सुलतान बाजारकडं मराठी मंडळी जमतात, विवेकवर्धिनी ही मराठी लोकांची शिक्षणसंस्था 1907 ची आहे, मराठी माणूस इथं काल आलेला नाही. पण हे सगळं आमच्यापासनं लांब, ट्रॅफिकमधे तास जातो, खरं सांगायचं तर वर्षातनं एकदाच जाणं होतं.

शिल्पा

---

प्रेषक: मंदार (वाकड)

उद्धट नाही, स्पष्टवक्ते.

काकांचं दारापासनं दारापर्यंतचं गणित मात्र पटलं. मी इथनं सोलापूरला जायचं तर पहाटे साडेचारला निघतो म्हणजे हडपसर सहाच्या आत पार होतं, नाहीतर रविवारचा अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

---

प्रेषक: वैशाली

सगळ्यांचे खूप आभार, नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं, तो स्टॅम्प ड्युटीच्या परिच्छेदाला एकदम शांत झाला 😀

काका, तुमचं वाचून एक सुचलं. आमच्या कंपनीचं छोटं ऑफिस खराडीला पण आहे, माझी टीम तिथं नाही म्हणून मी त्याचा विचारच केला नव्हता. खराडी मिळालं तर मांजरी किंवा मगरपट्ट्याकडं राहता येईल का? मग हडपसरच्या पुढं जायचा प्रश्नच नाही.

---

प्रेषक: प्रकाशकाका (सोलापूर)

येईल की. मुंढव्याच्या पुलावर सकाळी थोडं अडकशील तेवढंच, पण सोलापूर चार-सव्वाचार तासावर येतं, मोठ्याचं तेलुगू वाचतं, आणि मुलगी त्याच भागात आहे, पहिले दोन आठवडे तिच्याकडं उतरा. खराडी देत असतील तर पुणे घे, हिंजवडीच म्हणाले तर मी हैदराबादच सांगेन, नवऱ्याला काय वाटायचं ते वाटू दे. आणि तुझ्या बाबांचा नंबर मला वेगळा पाठव, मी विजापूर रोडलाच राहतो, जाता येता डोकावत जाईन.

---

प्रेषक: वैशाली

एचआरला आत्ताच मेल टाकलाय, बाबांचा नंबर व्हॉट्सॲपवर पाठवते काका. शिल्पा, मंदार, सीबीएसईच्या शाळा एप्रिलला सुरू होतात ना? मग फॉर्म कधी भरायचे, डिसेंबरात की जानेवारीत? आणि इथल्या शाळेचा दाखला कुठनं स्टँप करून आणावा लागतो का?