मदत हवी: सीईमध्ये पॅरासिटामॉलचा पीक सरकतोय, कॅफीनचा नाही

नमस्कार मंडळी,

एम.फार्म.च्या प्रबंधासाठी डोकेदुखीच्या गोळीतलं (पॅरासिटामॉल ६५० मिग्रॅ, कॅफीन ५० मिग्रॅ) प्रमाण कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने (सीई, म्हणजे बारीक नळीत विद्युतदाबाने घटक वेगळे करण्याची पद्धत) काढतेय. विभागात एचपीएलसीवाले (द्रव क्रोमॅटोग्राफी करणारे) ढीगभर आहेत, सीईबद्दल विचारावं असं कोणी नाही.

५० मायक्रॉनची फ्यूज्ड सिलिका कॅपिलरी, २० मिलिमोलर बोरेट, पीएच ९.३, २० किलोव्होल्ट, २५ अंश. कॅफीनवर भार नाही, त्यामुळे नुसत्या बोरेटमध्ये ते द्रावकाच्या खळग्यातच (द्रावकामुळे आलेखात पडणारा खड्डा) बाहेर पडायचं; म्हणून ३० मिलिमोलर एसडीएस (साबणासारखं द्रव्य, ज्याच्या पुंजक्यांत घटक कमीजास्त अडकतात) घातलंय. आता दोन्ही पीक (आलेखातले उंचवटे) सुटे दिसतात.

पण जसजशी इंजेक्शनं वाढतात तसतसा पॅरासिटामॉलचा पीक लवकर येत कॅफीनच्या जवळ सरकतो. कॅफीन जवळपास जागच्या जागी. कॅपिलरीची भिंत बिघडली असती तर दोघंही हलले असते ना? सोडियम हायड्रॉक्साइडने आणखी धुवायला सगळेच सांगतात, पण त्याने काही फरक पडत नाही.

दुसरं, पीकचं क्षेत्रफळ मायग्रेशन टाइमने (घटकाला डिटेक्टरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ) भागायचं असतं का? गाईडना ते पटत नाहीये.

प्रतिसाद:

भिंतीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर. पॅरासिटामॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनित असतात तो) ९.५ च्या आसपास आहे, म्हणजे ९.३ ला ते अर्धवटच आयनित. ऋणभारामुळे ते मागे ओढलं जातं; पीएच जरासा उतरला तरी हा भार कमी होतो आणि ते लवकर पोहोचतं. कॅफीनला पीएचचं काही देणंघेणं नाही.

पीएच उतरतो कुठे? इनलेटच्या व्हायलमध्ये (कॅपिलरीचं सुरुवातीचं टोक बुडतं त्या छोट्या बाटलीत). तिथे ॲनोड आहे, विद्युतविघटनाने हायड्रोजन आयन तयार होत राहतात. त्याच व्हायलमधून कॅपिलरी भरत असाल तर आम्लता पुढच्या रनमध्ये जाते. भरायची व्हायल वेगळी ठेवा, विभाजनाची (रन चालवायची) व्हायल दर चार-पाच रननंतर बदला. बफर झाकून ठेवा, हवेतला कार्बन डायऑक्साइडही पीएच खाली ओढतो. एवढ्याने भागलं नाही तर पीएच ८.५ करून बघा. तिथे पॅरासिटामॉल जेमतेम दहा टक्के आयनित असतं, पण मग सगळी भिस्त एसडीएसवर. पीक सुटे राहतात का ते आधी तपासा.

क्षेत्रफळ भागायचंच. एचपीएलसीत सगळे घटक एकाच वेगाने डिटेक्टरसमोरून जातात, इथे हळू जाणारा जास्त वेळ रेंगाळतो आणि त्याचं क्षेत्रफळ फुगतं. गाईडना युरोपियन फार्माकोपियातला सीईचा भाग, २.२.४७, दाखवा. इंजेक्शन नॅनोलिटरमध्ये असल्यामुळे इंटर्नल स्टँडर्डही (प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घालायचा तुलनेचा पदार्थ) घालाच.

करंट किती येतोय? रनागणिक बदलतोय का, तेही लिहा.